कारण गाळून लिहिलेली उत्तरं

“त्याच्या मुलाला सोडलं, मग आमच्या मुलाला का नाही?”

नोकरीच्या काळात हा प्रश्न मी इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत ऐकला. कुणी रडत विचारला, कुणी धमकी देत. एका वडिलांनी तो ईमेलच्या विषयाच्या ओळीत लिहिला आणि खाली मजकूर कोरा ठेवला. प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर असायचं. ते न देणं हे माझं काम होतं.

सिंगापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे मुलगा अठराचा झाला की त्याला सुमारे दोन वर्षं सक्तीची नॅशनल सर्व्हिस करावी लागते. बहुतेक मुलं सैन्यात जातात, काही पोलिसांत, काही अग्निशमन दलात. नागरिकांच्या मुलांना ती आहे, तशीच आई-वडिलांबरोबर पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झालेल्या मुलांनाही. पुण्या-मुंबईहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेला इंजिनियर काही वर्षांनी पीआर घेतो, तेव्हा मुलगा जेमतेम शाळेत जायला लागलेला असतो. पुढे काय आहे हे आई-वडिलांना ठाऊक असतं. फक्त ते फार लांब वाटतं.

मग एक दिवस वैद्यकीय तपासणीची तारीख येते. काहींना मुदतवाढ मिळते, अगदी थोड्यांना सूट. ज्यांना यातलं काहीच मिळत नाही, ते लिहितात. त्या पत्रांना उत्तरांचे मसुदे करून देणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत मी नोकरीला होते. कंपनीचं नाव देत नाही, ती आता बंद झाली आहे. निर्णय आमच्या हातात नव्हता. तो दुसरीकडे व्हायचा, आम्ही तो सभ्य भाषेत कळवायचो.

त्याआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. तिथे वार्ताहराची बातमी हातात आली की पहिलं बघायचं, ‘का’चं उत्तर आहे की नाही. नसलं तर बातमी परत. इथे उलट होतं. मसुद्यात ‘का’चं उत्तर चुकून उतरलं तर ते खोडायचं. आमची विभागप्रमुख रोझिता. माझ्यापेक्षा वयाने लहान, कामात मुरलेली. पहिल्याच आठवड्यात तिने माझा एक मसुदा परत केला. मी एका आईला समजावून सांगितलं होतं की ज्या मुलाचं उदाहरण तुम्ही देता त्याची परिस्थिती वेगळी आहे.

“‘वेगळी’ काढ,” रोझिता म्हणाली.

“पण ती वेगळीच आहे.”

“वेगळी म्हटलंस की ती विचारणार, काय वेगळं. त्या दुसऱ्या मुलाचं दुखणं आपलं नाही, विद्या. नॉट आवर्स टु गिव्ह, ला.” हे ‘ला’ म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

तिचं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. म्हणून आमच्या प्रत्येक पत्रात एक वाक्य असायचं. इंग्रजी मसुदा मीच केला होता आणि तो सगळ्यांना आवडून कायमचा झाला. मराठीत साधारण असं: ‘दुसऱ्या व्यक्तीबाबत आम्हाला काही सांगता येणार नाही.’ त्या वाक्याचा मला बरेच दिवस अभिमान होता. त्यात एकही विशेषण नव्हतं.

पत्रं लिहिणारे तऱ्हेतऱ्हेचे. एका आईने विचारलं होतं, मुलाला घरचं तूप बरोबर नेता येईल का, आणि नसेल तर का नाही. मुंबईच्या एका गृहस्थांनी मुलाची पत्रिका जोडली. साडेसाती चालू असून शस्त्र हातात घेण्यास काळ प्रतिकूल आहे, अडीच वर्षांची मुदतवाढ द्यावी. रोझिताने मला ते समजावून सांगायला लावलं आणि मग गंभीरपणे विचारलं, “शनी सगळ्यांना येतो का?” मी म्हटलं, येतो. “मग झालं. एव्हरीबडी सेम,” ती म्हणाली. उत्तर गेलं की कळवलेल्या कारणासाठी मुदतवाढीची तरतूद नाही.

मी राहते त्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, माझा नेहमीचा नूडल्सवाला होता. सगळे त्याला अंकल म्हणत. मी कुठे काम करते हे कळल्यावर त्याने एकच विनंती केली. मुलगा सतराचा आहे, त्याला जरा लवकर नेता येईल का. “घरी बसून खातो फक्त. मी गेलो, माझा भाऊ गेला, समोरच्या चिकन राइसवाल्याचे दोन्ही गेले. यालाही न्या.” तो चेष्टा करत होता, पण त्याच्या बोलण्यात ती गोष्ट होती जिच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. सगळ्यांचे जातात. म्हणून माझा जातो. कायद्याच्या धाकाने मुलगा तपासणीपर्यंत येतो. आई-वडील शांत झोपतात ते मात्र या दोन वाक्यांवर. त्यातलं पहिलं वाक्य खोटं वाटायला एक मुलगा पुरतो.

आमच्यात तो मुलगा निनाद झाला. नावं मी बदलली आहेत, रोझिताचंही. त्याच्या आजाराची गोष्ट गुप्त राहिलेली नाही, ती त्याच्या आईनेच भरल्या हॉलमध्ये सांगितली. हा मजकूर छापायला देण्याआधी निनादने वाचला. त्याने एक वाक्य काढायला सांगितलं. काढलं आहे.

निनादचे आई-वडील, वर्षा आणि हेमंत, बेडोकला माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. निनाद दहावीच्या वयाचा असताना त्याला शाळेत फिट आली. मग घरी आली. एपिलेप्सीचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. वर्षाने मला हे ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरताना सांगितलं आणि विचारलं की पुढे तपासणीच्या वेळी काय दाखवायचं. मी म्हटलं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा अहवाल. बाकी काही नाही. ऑफिसात गेल्यावर रोझिताला सांगितलं की हे कुटुंब ओळखीचं आहे, यांचं काहीही माझ्याकडे देऊ नकोस. नियम तसाच होता.

“विद्याताई, एवढं तुमच्यातच ठेवा,” वर्षा त्या दिवशी म्हणाली होती. “केतकीचं बघतोय आम्ही.”

केतकी निनादची मोठी बहीण. पुण्यात एका घरी तिचं लग्नाचं बोलणं सुरू होतं. भावाला आकडी येते हे कळलं तर पुढचे प्रश्न येणार, घराण्यात आहे का, आणखी कुणाला आहे का. म्हणून निनादला पूर्ण सूट मिळाली तेव्हा हेमंतने लोकांना सांगितलं, मणक्यात गॅप आहे.

मणक्यात गॅप हा आपल्याकडचा घरंदाज आजार आहे. तो कुणालाही असू शकतो आणि त्याने कुणाचं लग्न अडत नाही. फक्त तो निनादला शोभत नव्हता. निनाद दर शनिवारी बेडोकच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायचा आणि उडी मारून स्मॅश मारायचा. समोर बहुतेक वेळा तन्मय असायचा, त्याचा शाळेपासूनचा मित्र.

तन्मयला इंग्लंडमध्ये इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. त्याचे वडील संजय यांनी मुदतवाढ मागितली. विद्यापीठासाठी ती मिळत नाही, आधी सेवा मग शिक्षण, तसं उत्तर आलं. संजयने पुन्हा लिहिलं. तिसऱ्या पत्रात त्याने निनादचं नाव घेतलं. त्याला उत्तर गेलं त्यात माझं ते वाक्य होतं. पत्र मी लिहिलं नव्हतं, मी याही कुटुंबापासून दूर राहिले होते. पण वाक्य माझं होतं आणि संजयला मी कुठे काम करते हे माहीत होतं.

एका रविवारी तो मला ईस्ट कोस्टच्या वॉकिंग ट्रॅकवर भेटला.

“काय विद्याताई, गॅप कशी काय बुजली हो? काल बघितला. गॅप असलेला पोरगा असा स्मॅश मारत असेल, तर माझ्या पोरालाही करून द्या एखादी.”

“संजय, दुसऱ्यांबद्दल मी बोलू शकत नाही.”

“हां. तेच आलंय पत्रात.” तो हसला. “पाठच आहे तुम्हाला.”

इथल्या पूर्व भागातल्या मराठी घरांनी एक प्रथा पाडली आहे. ज्या मुलांना बोलावणं आलं आहे, त्यांना जाण्याआधी एकत्र बोलावून औक्षण करायचं. कुणाच्या तरी कॉन्डोतली, म्हणजे सोसायटीतली, फंक्शन रूम घ्यायची, खुर्च्या ओळीने मांडायच्या, मुलांच्या आया एकापाठोपाठ एक सगळ्या मुलांना ओवाळतात. मग श्रीखंड-पुरी. मुलं संकोचतात, एकमेकांना कोपरं मारतात, पण बसतात. पुढच्या काही दिवसांत प्रशिक्षणाच्या टेकाँग बेटावर त्यांचे केस जाणार असतात, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचे फोटो भरपूर काढले जातात.

त्या वर्षी व्यवस्था संजयकडे होती, त्याच्याच कॉन्डोत. निनाद आला तो तन्मयसाठी. खुर्च्या मांडायला त्यानेच हात लावला आणि मग भिंतीला टेकून उभा राहिला. वर्षा ओवाळणाऱ्या बायकांत नव्हती, पण कुणीतरी सवयीने तिच्या हातात तबक दिलं. ती पहिल्या मुलापुढे गेली तेव्हा मागून आवाज आला. बाईचा होता. कुणाचा ते लिहिण्याची गरज नाही.

“तुला गं कशाला हौस? तुझा तर घरीच आहे.”

दोघी-तिघी हसल्या. तन्मय म्हणाला, “आई, लीव्ह इट, ला.” बोलणारी त्याची आई नव्हती, त्याला ती वाटली. तो कुणाकडेच न बघता म्हणाला होता.

वर्षाने तबक खुर्चीच्या हातावर ठेवलं.

“निनादला फिट्स येतात,” ती म्हणाली. “एपिलेप्सी आहे. मणक्याचं आम्ही खोटं सांगितलं. केतकीच्या लग्नासाठी. गोळ्या चालू आहेत. पाण्याजवळ एकटा गेलेला मला चालत नाही, बंदूक कसली घेताय.”

हेमंतने मान खाली घातली. निनाद भिंतीपासून हलला नाही. मग कुणीतरी म्हणालं, अगं आधी सांगायचंस ना, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, दिवा विझेल, आटपा. ओवाळणं पुढे सुरू झालं.

मला वाटलं होतं की हे इथे मिटेल. डेस्कवर इतकी वर्षं काढूनही असं वाटलं याचं नंतर नवल वाटलं. एखाद्या प्रकरणात संबंधितांनी आधी एक निवेदन केलं आणि नंतर दुसरं, की वाचक दुसऱ्यावर विश्वास ठेवत नाही. दुसरं खरं असलं तरी. श्रीखंडाची वाटी घेऊन संजय माझ्याशेजारी आला.

“आधी गॅप, आता फिट्स. पुढच्या महिन्यात काय?” त्याचा आवाज चढलेला नव्हता. “तुम्हाला माहीत होतं ना?”

मी काही बोलले नाही.

“नव्हतं म्हणा. नाहीतर होतं म्हणा.”

नव्हतं म्हणणं खोटं होतं. होतं म्हटलं असतं तर ऑफिसातल्या बाईने आतून मदत केली याचा तो पुरावा ठरला असता. मी गप्प राहिले आणि तोही पुरावाच ठरला. पुढच्या काही दिवसांत ते वाक्य फिरून माझ्याकडे आलं: विद्याताईंना विचारलं तर त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे समजा.

त्यानंतर आमच्या ओळखीतल्या एकाही घराने एकाही पत्रावर विश्वास ठेवला नाही. एकाचा दमा सिद्ध झाला, तर म्हणाले ओळख लावली. एकाचा अर्ज फेटाळला, तर म्हणाले ओळख कमी पडली. ज्यांची मुलं निमूटपणे जायची त्यांना लोक भोळे म्हणू लागले. नवीन आलेली एक मुलगी, तिचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, मला लिफ्टमध्ये म्हणाली, “काकू, खरं सांगा, कुणाला भेटावं लागतं?” मी म्हटलं, कुणालाच नाही. ती समजूतदारपणे हसली.

केतकीचं जमलं नाही. पुण्याहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. तीच पत्रिका आधी जुळली होती. कारण विचारायचं नसतं, हेमंतने विचारलं नाही.

निनादने मात्र एक पाऊल उचललं. त्याने स्वतः अर्ज केला की मला घ्या. फिट येऊन बराच काळ झाला आहे, मी खेळतो, धावतो, ऑफिसचं काम द्या, कोणतंही द्या. असा अर्ज माझ्या माहितीत दुसरा नाही. तो रोझिताकडे गेला. ती माझ्या टेबलापाशी आली, उभी राहिली, काही न बोलता परत गेली. नियमाने ती मला काही सांगू शकत नव्हती. अर्ज केल्याचं मला निनादनेच सांगितलं आणि आलेलं उत्तर फोनवर दाखवलं. वैद्यकीय निर्णय कायम आहे. त्याने अर्जात तन्मयचं नाव लिहिलं होतं, की मला याच्याबरोबर जायचं आहे. त्यामुळे शेवटच्या ओळीत दुसऱ्या व्यक्तीबाबतचं ते वाक्यही होतं.

“हे तुम्ही लिहिलंय, काकू?”

“पत्र नाही. हे वाक्य माझं आहे.”

“नाइस सेंटेन्स,” तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही हे मला ठरवता आलं नाही.

मग त्याने ठरवलं की गोळ्यांशिवाय राहून दाखवायचं. राहिलो, तर डॉक्टरच लिहून देतील. हे त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. वर्षा गोळी हातावर ठेवायची, तो घेतल्यासारखं करायचा.

तन्मयचा जाण्याचा दिवस आला. पासिर रिसच्या बस इंटरचेंजवरून मुलांना आणि घरच्यांना घेऊन बसेस फेरीबोटीच्या धक्क्यावर जातात, तिथून बेट. सकाळची वेळ होती. पाठीवर बॅगा घेतलेली मुलं, त्यांचे आई-बाप, आज्या, एका चिनी कुटुंबाने तर फुगे आणले होते. आमच्यातल्या पाच-सहा घरांची मंडळी होती. मी गेले होते, वर्षाही निनादबरोबर आली होती, जरा अंतर ठेवून उभी होती.

तन्मय निनादपाशी आला. दोघांनी खांद्याला खांदा लावला.

“यू लकी, ब्रो,” तन्मय म्हणाला.

“डोन्ट से दॅट,” निनाद म्हणाला, आणि वाक्य संपताना त्याची मान एका बाजूला ओढली गेली. तो रांगेच्या दांड्यावर आपटून खाली पडला. हातपाय झटकू लागले. तोंडातून लाळ आणि रक्त.

माणसं मागे सरली. कुणीतरी मराठीत ओरडलं, चप्पल हुंगवा, चप्पल. संजय सगळ्यात आधी पुढे आला. त्याने स्वतःच्या पायातला बूट काढला होता आणि तो निनादच्या नाकाशी धरायला तो गुडघ्यांवर बसला. वर्षाने त्याचा हात बाजूला केला.

“ते नको, भावजी. कुशीवर करा फक्त. डोकं धरा.”

संजयने बूट टाकला आणि धरलं. झटके थांबेपर्यंत त्याने निनादचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. “झालं रे, झालं बाळा,” असं तो म्हणत होता. बस निघायची होती. तन्मय दारात उभा राहून मागे बघत होता, मग दार बंद झालं. त्याच्याबरोबर त्याची आई गेली. संजय राहिला. अँब्युलन्स आली तेव्हा तो एका पायात बूट, एका पायात मोजा असा उभा होता.

मला तेव्हा पुन्हा वाटलं, की आता मिटेल.

पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मीही त्यात होते. दुपारी त्यावर विचारणा सुरू झाली, निनाद कसा आहे, कुठे नेलं. मग एकाने लिहिलं. तो त्या सकाळी तिथे नव्हता. त्याने लिहिलं, ‘वेळ बरी साधली.’ त्याखाली एक हसरा चेहरा. थोड्या वेळाने आणखी एक, आणखी एक. तीन वेगवेगळ्या घरांतून.

मी संजयच्या उत्तराची वाट बघितली. तो ऑनलाइन असल्याचं दिसत होतं. निनादचं डोकं त्याच्या हातात होतं, त्याच्याइतक्या खात्रीने दुसरं कुणी बोलू शकलं नसतं. त्याने काही लिहिलं नाही. रात्री त्याने टेकाँगवरच्या तन्मयचा, केस कापण्याआधीचा फोटो टाकला. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

मीही काही लिहिलं नाही. मी ऑफिसची बाई होते, माझ्या साक्षीची किंमत सगळ्यांनी आधीच ठरवलेली होती. त्या वर्षअखेरीस मी नोकरी सोडली.

त्या सकाळनंतर दोन दिवसांनी निनाद घरी आला. मी भेटायला गेले. तो हॉलमधल्या कोचावर पडला होता, कपाळाला टाके होते, जीभ चावली गेल्यामुळे शब्द जड येत होते. पालकांच्या ग्रुपमध्ये तो नाही. वर्षाने तिच्या फोनवर ते वाचलं होतं आणि त्याला दाखवलं नव्हतं. ती आत कुकर लावत होती.

“काकू,” तो म्हणाला, “सगळ्यांनी पाहिलं ना?”

“पाहिलं.”

“मग आता तरी ते बिलीव्ह करतात, राइट? संजयकाका काय म्हणाले? ग्रुपवर काय म्हणतायत?”

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. वर्षा ऐकत होती. निनाद माझ्या तोंडाकडे बघत होता.

“दुसऱ्यांबद्दल मला काही सांगता येणार नाही,” मी म्हणाले.

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य कुठलं आहे. निनादच्या ते आधीच लक्षात आलं होतं. त्याने मान हलवली.

“ओके, काकू,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळला.